बंबातलं लाल पाणी

वालुरात बायनाबाईला न ओळखणारं घर शोधायला निघालात तर मारुतीच्या पारापासून खालच्या वेशीपर्यंत पायपीट होईल आणि हाती काही लागायचं नाही. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर वाढलेली. पायांवर म्हणजे खरंच पायांवर. न्हाणीत पाय लांब करून बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं घालायचं, तेल जिरवायचं, डाळीचं पीठ लावायचं, सोसेल तेवढ्या कढत पाण्याची धार धरायची, मग उताणं करून टाळू भरायची, ओव्याची धुरी द्यायची आणि गुंडाळून आईच्या कुशीत नेऊन ठेवायचं. त्याच्या आधी आईचं अंग रगडून तिच्या कमरेवर पाणी ओतायचं ते वेगळंच. सुईण बाळाला जगात आणायची आणि आपल्या वाटेनं जायची. पुढचा सव्वा महिना ती दोन्ही अंगं बायनाबाईच्या हवाली.

नवरा तरणाताठा गेला. स्वतःला मूलबाळ झालं नाही. दुसऱ्यांची लेकरं न्हाऊ घालता घालता डोक्याचे केस पांढरे झाले. लोकांना वाटायचं, बाईला याचं दुःख असेल. दुःख करायला फुरसत तर पाहिजे ना. पहाटे एका घरी, ऊन वर आलं की दुसऱ्या घरी, आणि दुपारी आपल्या घरी येऊन भाकर थापायची म्हटलं की जीव नको व्हायचा. ती थकली होती, साफ थकली होती. पण थकले म्हणून सांगायची सोय नव्हती. घरोघरचं सूपभर धान्य आणि सणाला एखादं जुनं लुगडं, त्यावरच तिचं चालायचं. हात थांबला की चूल थांबली.

तर त्या वर्षी व्यंकटरावाच्या घरी नातू झाला. व्यंकटराव गावातला दुकानदार माणूस. कापड, मीठ, घासलेट, काय म्हणाल ते ठेवायचा. निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली रुपया बंद झाला, आणि त्या उलथापालथीत ज्यांचं बरं झालं त्यांत हा एक. त्यानं परभणीहून तांब्याचा बंब आणला होता. सेलूपर्यंत आगगाडीनं आणि तिथून बैलगाडीत कडब्यावर निजवून. मधल्या नळीत कापसाच्या पऱ्हाट्या नि गोवऱ्या पेटवायच्या, भोवती पाणी तापतं, खाली तोटी फिरवली की कढत पाणी. बाया मुद्दाम बघायला यायच्या. बायनाबाईलाही तो बंब आवडायचा, कारण जड हंडा चुलीवरून उतरवायचा त्रास वाचायचा.

पण नातू झाला तरी त्या घराला चैन अशी नव्हतीच. सुनेचं, भिवराचं, पहिलं बाळंतपण माहेरी पालमला झालं होतं, आणि ते पोर पाचवीच्या दिवशीच गेलं. सासू चतुराबाई तेव्हापासून निम्मी झाली होती. ह्या खेपेला तिनं हट्टानं सून घरीच ठेवून घेतली. रोज सकाळी बायनाबाई आली की चतुराबाई न्हाणीच्या दारात उभी. पाणी फार कढत तर नाही ना, पोराच्या नाकात तर जात नाही ना. बायनाबाईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भिऊ नका चतुराबाई. बाळंतिणीजवळ लोखंडाचा तुकडा असू द्या, विळा म्हना, काही म्हना. सटवाई काही वाकडं करीत न्हाई." असं ती सगळ्याच घरी सांगायची. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, तिनं पुढं सांगितलेलं.

पाचवी पार पडली. सटवाईची पूजा झाली, पोर सकाळी टुकटुक बघत होतं. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. आणि त्याच सकाळी बायनाबाईनं तोटी फिरवली, तर घंगाळात गेरू कालवल्यासारखं लालसर पाणी.

तिनं पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, जिभेवर टेकवलं. तोंड तुरट झालं. चतुराबाईनं दारातून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे काय हो बायनाबाई?"

"विहिरीचं पाणी गढूळ झालं आसंल. थांबा, बगू."

त्या दिवशी तिनं पाणी धडप्यातून गाळून कसंबसं उरकलं. पण दुसऱ्या दिवशी आणखी लाल. बाळाचं पांढरं दुपटं वाळत टाकलं तर त्यावर तांबूस डाग. मग बायनाबाईनं मनावर घेतलं. तिला अशा गोष्टींचा मनातून कंटाळा यायचा. आयुष्यभर पाणी तापवलं, आता त्याची चौकशी करायची काय. पण पाणी तिच्या हातातून बाळाच्या अंगावर जात होतं, तेव्हा चौकशी तिलाच करणं भाग होतं.

आधी विहीर. घागर भरून उन्हात ठेवली. पाणी नितळ, तळाचं पितळ चमकतंय. म्हणजे विहिरीचा दोष नाही. मग तिला वाटलं, आपण कडुलिंबाचा पाला टाकतो, त्याचा रंग उतरत असेल. पाला बंद केला. पाणी लालच. मग वाटलं, जळण. बाभळीचा ढलपा टाकला होता, नळी कुठं फुटून राख पाण्यात तर उतरत नाही? नुसत्या गोवऱ्या लावून पाहिल्या. नळीत डोकावून डोळे धुरानं भरून घेतले. काही नाही. शेवटी तिनं परसात तीन दगड मांडले, अडगळीतला जुना तांब्याचा हंडा काढला, त्याच विहिरीचं पाणी त्याच गोवऱ्यांवर तापवलं. पाणी आरशासारखं स्वच्छ.

"बगा," ती चतुराबाईला म्हणाली, "पाणी चांगलं हाय, जळण चांगलं हाय. जे काय हाय ते बंबात हाय. चार दिस हंड्यातलं पाणी घेऊ आपण."

यावर चतुराबाईनं मान हलवून 'बरं' म्हणायला काय हरकत होती? पण ती एकदम ताठली. "न्हाई. लेकराला बंबाचंच पाणी पाहिजे."

"आवो, पण लाल येतंय ना."

"येऊ द्या. बारशापस्तोर बंब जागचा हलवायचा न्हाई, आन् दुसरं पाणी घ्यायचं न्हाई."

बायनाबाई तिच्याकडे बघत राहिली. पण दुसऱ्याच्या घरी आपण किती बोलायचं? तिनं बंबाचंच पाणी धडप्यातून गाळून घेतलं.

व्यंकटरावाला वेगळीच काळजी. बंबाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नव्हतं. त्यानं बन्सीधर तांबटाला बोलावून आणलं. बंब पेटलेला होता. बन्सीधरानं बाहेरून बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं, तोटी पाहिली, कथलाचा डाग दिलेला जोड पाहिला.

"माल अस्सल हाय, मालक. तांबं कळकलं तर हिरवं पडतं. लाल न्हाई पडत. हे बंबाचं काम न्हाई."

"मग कशाचं काम?" व्यंकटरावानं विचारलं.

बन्सीधर खांदे उडवून गेला. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. पण विहीर नाही, जळण नाही, बंब नाही, तर मग राहिलं कोण? तोटी फिरवणारा हात. हे कुणी मुद्दाम ठरवलं नाही, ते आपोआप ठरत गेलं. त्यातच महिन्यापूर्वी सूर्यभानाच्या घरचं तान्हं लेकरू झटके येऊन गेलं होतं, आणि त्या लेकरालाही न्हाऊ घालत होती बायनाबाईच. सूर्यभान बिचारा काही बोलला नव्हता. त्या पोराची नाळ चिघळलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. पण विहिरीवरच्या बायांना कोण अडवणार. ती त्या घरून ह्या घरी आली, आणि ह्या घरी पाणी लाल झालं. एवढं जोडायला अक्कल लागत नाही.

बायनाबाईच्या कानावर ते आलं तेव्हा तिला रडू आलं नाही, नुसता शीण आला. तिला माहीत होतं यापुढं काय होतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला एकदा नाव लागलं की कुठलीच आई आपलं लेकरू त्या हातात देत नाही. आणि का द्यावं? ती स्वतः आई असती तर तिनंही दिलं नसतं. मग म्हातारपणी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?

शेवटी चतुराबाईनं ते तोंडावर सांगितलं. बाळाला निजवून बायनाबाई पदरानं हात पुसत होती.

"बायनाबाई, राग नका मानू. उद्या एक दिस या. परवापसून न्हाऊ घालायला मी केवळाबाईला सांगितलंय."

"माझं काई चुकलं का?"

"मी कुटं चुकलं म्हणले. पण पाणी रोज आनखी लाल व्हायलंय. माझं काळीज थाऱ्यावर न्हाई."

बायनाबाईनं बरं म्हटलं. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, त्या घरच्या शेवटच्या दिवशी, ती उजाडताच आली. चतुराबाई गोठ्यात होती. बंब अजून पेटवला नव्हता, आदल्या संध्याकाळचं पाणी आत गार पडलेलं. बायनाबाईच्या मनात आलं, जायचंच आहे तर एकदा हात घालून पाहू, कोण विचारतंय. तिनं वरचं झाकण काढलं, चोळीची बाही वर सरकवली आणि त्या अरुंद तोंडातून खांद्यापर्यंत हात घातला. बुडाशी बोटांना काहीतरी खरबरीत लागलं. ओढून काढलं तर घोड्याचा नाल. परत हात घातला, आणखी एक नाल. मग नांगराच्या फाळाचं मोडकं टोक. मग मूठभर खिळे. सगळं तिनं न्हाणीच्या दगडावर मांडलं. तळहात लालभडक झाला होता.

तिला आधी हसू आलं. मग असा राग आला की हातातला खिळा भिंतीवर मारावा. इतके दिवस आपण नळीत डोकं घालून डोळे फोडून घेत होतो, आणि हे इथं.

मागं पावलं वाजली. चतुराबाई दारात उभी. तिची नजर दगडावर गेली आणि ती धावतच आत आली.

"ठेवा ते. परत आत ठेवा, हात जोडते."

"हे तुमी टाकलं?"

चतुराबाई खालीच बसली. पदर तोंडावर घेऊन बोलू लागली. "तुमीच म्हणल्या होत्या ना, लोखंड असू द्या म्हणून. पयलं पोर पाचवीलाच गेलं आमचं. विळा बाजंखाली ठेवलाच होता, पण मला भरोसा वाटंना. पोराच्या अंगाला लागतं ते पाणी, म्हणलं पाण्यातच लोखंड असलं तर कोण हात लावील त्याला. पाचवीच्या सांजंला एक नाल टाकला. सकाळी पाणी लाल. मला वाटलं, काईतरी आलंय, एवढ्याशा लोखंडाला ते ऐकंना. मग रोज सांजंला आनखी टाकत गेले."

"आन् रोज आनखी लाल झालं."

"व्हय."

बायनाबाईनं नाल उचलला, पाणी गाळायच्या पांढऱ्या धडप्यावर घासला आणि तो डाग तिच्या डोळ्यांपुढं धरला. "हे बगा. हा गंज हाय. जवळ ठेवा म्हणले होते मी, कोरडं. रातभर पाण्यात लोखंड बुडवल्यावर ते गंजंल न्हाई तर काय व्हईल? सटवाई न्हाई, काही न्हाई. तुमचे खिळे हायेत."

चतुराबाईनं त्या डागावरून बोट फिरवलं. तिला पटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग तिनं बायनाबाईचा हात धरला.

"काढा ते सगळं. कोरडं करून बाजंखाली ठेवते. पण कोणाला सांगू नका. मालकाला न्हाई, भिवराला न्हाई. असलं केलेलं बोललं की गुण जातो. लेकराचं जावळ काढोस्तोर सांगू नका. मग मी सोता सगळ्या गावाला सांगते, शपथ घेते."

"आन् माझ्या हाताचं काय?"

चतुराबाईची मान खाली गेली. "केवळाबाईला सांगून बसले. आता नको म्हणलं तर लोक इचारतील, कामून."

आता इथं बायनाबाईनं काय करायला पाहिजे होतं? ओसरीवर जाऊन ते नाल व्यंकटरावापुढं आपटायला पाहिजे होते. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. तिच्याही मनात ते आलं. ती उठली सुद्धा. पण केलेलं बोललं की गुण जातो, हेही तिनंच घरोघरी सांगितलेलं होतं, आणि लोकांना सांगण्यापुरतं नाही, तिचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. उद्या आपण बोललो आणि परवा ह्या पोराला काही झालं तर? आधीच सूर्यभानाचं लेकरू तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. तिनं दगडावरचे खिळे गोळा केले आणि म्हणाली, "उठा. पाणी आणा. बंब खंगाळून घेऊ."

दोघींनी मिळून बंब आडवा केला, खंगाळला, भरला, पेटवला. पण गंज बुडाला बसलेला, तो एका धुण्यानं थोडाच जातो. त्या सकाळीही पाणी पिवळटच आलं. तिनं बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, भिवराच्या कुशीत ठेवलं.

"मावशी, उद्यापसून तुमी येणार न्हाई म्हणं?" भिवरानं विचारलं.

"न्हाई बाई. लेकराला जप."

दुसऱ्या दिवशी केवळाबाई आली. तिनं तोटी फिरवली आणि स्वच्छ, नितळ पाणी आलं.

झालं. आता कुणाला काय सांगणार? हात बदलला आणि पाणी निवळलं, हे सगळ्या गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं. ज्या बाया आतापर्यंत कुजबुजत होत्या त्या मोठ्यानं बोलायला लागल्या. बायनाबाईकडं निरोप यायचे बंद झाले. बाळंतीण असलेल्या घरावरून ती गेली तर आतून दार लोटलं जाऊ लागलं. केवळाबाई वाईट बाई नव्हती. रस्त्यात भेटली की तिची नजर चुकवायची, एवढंच.

त्या वर्षी हैदराबादचं राज्य मोडलं आणि परभणी मुंबईच्या राज्याला जोडली. पारावर रात्रंदिवस त्याचीच चर्चा. कुणाला काय मिळणार, कुणाचं काय जाणार. बायनाबाई खुरपायला जात होती. ज्या वयात बायका नातसुनांवर डाफरतात, त्या वयात ती दिवसभर उकिडवी बसून दुसऱ्याच्या रानातलं गवत काढत होती. पावसाळ्यात चिखलात, हिवाळ्यात दवात. चतुराबाई अधूनमधून गड्याकडून सूपभर ज्वारी पाठवायची. राग होता, फार होता, पण ज्वारी परत पाठवायची ऐपत नव्हती. ती ठेवून घ्यायची आणि त्या दिवशी जेवताना घास तोंडात फिरायचा.

वर्ष गेलं. व्यंकटरावाच्या नातवाचं जावळ निघालं. चतुराबाईनं बायनाबाईला स्वतः येऊन बोलावलं, आणि शपथेला जागली ती. घर बायांनी भरलेलं, नातू मांडीवर, आणि तिनं सगळं सांगितलं. नाल, फाळ, खिळे, काही लपवलं नाही. "पाणी माझ्या लोखंडानं लाल झालतं. ह्या बाईचा काडीचा दोष नव्हता. माझ्यापायी तिनं वर्षभर बोलणी खाल्ली." बाया आधी थक्क झाल्या, मग हसायला लागल्या. हसून हसून डोळ्यांना पदर लावले. व्यंकटराव ओसरीवरून म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, बंब अस्सल हाय." केवळाबाईनं उठून बायनाबाईच्या पायांना हात लावला. बायनाबाई कोपऱ्यात बसून होती. ह्या दिवसाची तिनं वर्षभर वाट पाहिली होती. तिला बरं वाटलं, नाही असं नाही, पण तिला वाटलं होतं त्याहून कमीच.

पुढच्याच आठवड्यात वैजीनाथ सकाळी दारात आला. त्याची बायको बाळंत झाली होती, पहिली मुलगी. "मावशी, तुमीच या. मला तुमीच न्हाऊ घातलंय, माझ्या पोरीलाबी तुमीच घाला." तिला इतका आनंद झाला की बसायलाही सांगायचं विसरली. "उद्या येते," म्हणाली, "पहाटंच येते."

तो गेल्यावर तिला वाटलं, वर्ष झालं, एकदा बसून पाहावं. घरात कोण होतं बघायला. तिनं एक गोधडी बाळाएवढी घट्ट गुंडाळली, न्हाणीच्या दगडापाशी बसली आणि पाय लांब करू लागली. उजवा पाय अर्ध्यावर येऊन थांबला. तिनं दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. कळ थेट कमरेत गेली. डावा त्याहून वाईट. पायांचा उतार होईना, गोधडी ठेवली की गडगडून खाली पडायची. तिनं परत ठेवली, परत पडली. लेकरू असतं तर, हा विचार आल्यावर तिनं प्रयत्न सोडला. मग उठायला गेली तर उठता येईना. शेजारची छबूबाई हाक ऐकून आली, तिनं काखेत हात घालून उठवलं. बायनाबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आजवर ती कुणापुढं अशी रडली नव्हती.

पहाटे ती गेली नाही. उजाडल्यावर वैजीनाथच आला.

"मावशी, वाट बगायलो की आमी. पाणी तापलंय."

"केवळाबाईला बलव, बाबा. तिचा हात चांगला हाय."

"कामून? आता तर समद्यांना मालूम झालं, तुमचं काई चुकलं नव्हतं."

"झालं रे मालूम. पण मला आता बसता येत न्हाई."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. तो तिच्या पायांकडं बघत राहिला. मग घरी पाणी निवेल म्हणून तो केवळाबाईच्या घराकडं वळला. बायनाबाईनं न्हाणीत पडलेली गोधडी उचलली, उलगडून झटकली आणि दोरीवर टाकली.